चार कुंड्यांनी काय होणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या कुळातली अंगभर दाट लव असलेली रानमाशी, हिच्यासाठी बाल्कनीत फुलं लावा असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाल्कनीत चार कुंड्या लावून एकही जात वाचत नाही, ते नुसतं मनाचं समाधान. खरा घाला शेतातल्या कीटकनाशकांनी घातलाय, त्याबद्दल बोला. परागीभवनाचीच काळजी असेल तर सरळ मधमाश्यांची पेटी ठेवा. आणि शेवटी, लाकूड पोखरणारे, डंख करणारे भुंगे घराशी बोलवायचेच कशाला?

लाकडाचं आधी सांगते, कारण तो गोंधळ माझ्या लेखामुळे झाला. आपण ज्याला भुंगा म्हणतो, वाशाला गोल भोक पाडणारा, काळ्या चकचकीत पोटाचा, तो बहुतेक वेळा सुतार भुंगा असतो. बंबलबी त्याहून वेगळी. तिच्या पोटावरही दाट लव असते, बहुधा पिवळे, पांढरे किंवा तांबूस पट्टे असतात, आणि ती लाकडाला तोंड लावत नाही. उंदरांनी सोडून दिलेलं बीळ, गवताचा जुना झुबका, दगडाखालची पोकळी असं काहीतरी आयतं शोधून ती संसार मांडते. बॉम्बस हे बंबलबींच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव, तीत अडीचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक थंड हवेच्या प्रदेशांतल्या. हे लेखात यायला हवं होतं.

कीटकनाशकांबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि त्यात मला काही मवाळ करायचं नाही. निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या गटातली औषधं बियाण्याला चोळली तरी झाडाच्या रसातून मकरंदात आणि परागात उतरतात. युरोपीय संघाने त्यातल्या तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्या, बंबलबी यांसारख्या माश्यांवरचे परिणाम पाहूनच. पण हीच रसायनं रोपवाटिकेतून आपल्या कुंडीपर्यंतही येतात. २०१७ साली ब्रिटनमध्ये शोभेची फुलझाडं विकत घेऊन तपासली, तेव्हा ‘माश्यांना उपयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांमध्येही त्यांचे अंश सापडले. म्हणून रोप आणण्यापेक्षा बी पेरा, फांदी लावा, शेजाऱ्याकडून कंद घ्या, असं मी सांगते. शेताचा लढा कायद्याने आणि धोरणाने लढायचा आहे, तो लढलाच पाहिजे. पण तो लढला जात असताना कुंडी रिकामी ठेवून त्या लढ्याला काही मदत होत नाही.

आता चार कुंड्या. तुमचा खरा आक्षेप हाच आहे, आणि तो संख्येचा आहे. एवढ्याशा फुलांनी किती माश्यांचं पोट भरणार? भर उन्हाळ्यात, सगळीकडे फुलं असताना, हा हिशोब बरोबर आहे. तेव्हा तुमच्या कुंड्या असल्या काय आणि नसल्या काय, फारसा फरक पडणार नाही.

पण हिवाळा सरतानाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बंबलबीची वसाहत मधमाश्यांसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही. हंगामाच्या शेवटी जुनी राणी, कामकरी माश्या, नर सगळे मरतात. उरते ती फक्त नवी, नराशी मीलन झालेली राणी. ती एकटी जमिनीत काही इंच खाली हिवाळा काढते. बाहेर येते तेव्हा अंगातली चरबी सरत आलेली असते आणि सोबत कोणी नसतं. घर शोधायचं ते तिनेच, पराग आणि मकरंद आणायचा तिनेच. मेणाचा इवलासा बुधला करून त्यात ती मकरंद साठवते, परागाच्या गोळ्यावर अंडी घालते आणि त्यांना पोट टेकून बसते. उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवून ती अंगात ऊब निर्माण करते आणि अंडी तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवते. बाहेर थंडी असली तरी. पहिल्या कामकरी माश्या बाहेर पडेपर्यंत चार-पाच आठवडे हे असंच चालतं. खायला आणायला गेली की अंडी गार पडू लागतात, बसून राहिली की बुधला रिकामा होतो.

या दिवसांत फुलं लांब असली तर ती जास्त वेळ बाहेर राहते. जवळ असली तर लवकर परतते. शे-दोनशे माश्यांची पुढची सगळी वसाहत तेव्हा या एका जिवावर उभी असते. अशा वेळी जवळपासच्या बाल्कनीत क्रोकस या लवकर फुलणाऱ्या कंदफुलाची एक कुंडी फुललेली असणं आणि नसणं यातला फरक मला क्षुल्लक म्हणवत नाही.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. ब्रिटनमधल्या संशोधकांनी तीन जातींच्या कामकरी माश्यांचे आणि पुढच्या वसंतातल्या राण्यांचे डीएनए नमुने घेतले आणि कुठली घराणी टिकली ते शोधलं. २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. घरट्यापासून २५० ते १००० मीटरच्या टापूत चांगला चारा, त्यातही वसंतातली फुलं, जिथे जास्त होती, तिथल्या घराण्यांची पुढच्या वर्षी राणी उरण्याची शक्यता जास्त दिसली. हजार मीटरच्या त्या वर्तुळात किती बाल्कन्या, किती खिडक्या, किती अंगणं येतात याचा विचार करा. ब्रिटनमधल्याच शहरांमध्ये मकरंदाची मोजदाद झाली, तेव्हा शहरातल्या एकूण मकरंदापैकी सुमारे ८५ टक्के घरांभोवतीच्या बागांमधून येतो असं दिसलं. त्या बागा कोणा एकाच्या नाहीत. त्या अशा चार-चार कुंड्यांच्याच आहेत.

फुलं नसतात तेव्हा बंबलबी काय करते, तेही सांगते, कारण हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. झ्युरिकच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं की परागाची उपासमार झालेल्या बंबलबी न फुललेल्या झाडांच्या पानांना चावे घेतात, छोटी छोटी भोकं पाडतात, आणि मग ती झाडं लवकर फुलतात. टोमॅटोची झाडं तर महिनाभर आधी. माणसांनी तशीच भोकं पाडून पाहिली, पण तेवढा परिणाम साधला नाही. भुकेपोटी झाडाला फुलायला लावणाऱ्या या जिवाला कुंडीची काय किंमत वाटत असेल, ते मला वेगळं सांगावंसं वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला आता लेखापेक्षा नेमका करते. हंगामाची दोन टोकं सांभाळा. सुरुवातीला क्रोकस, पल्मोनेरिया, हेदर, आणि जागा असेल तर विलो. शेवटाला सेडम, उशिरा फुलणारे अ‍ॅस्टर, आयव्ही, कारण नव्या राणीला हिवाळ्याची चरबी तेव्हाच साठवायची असते. मधल्या काळासाठी लॅव्हेंडर, मरवा, थाइम, बोराज पुरे. गच्च पाकळ्यांची दुहेरी फुलं टाळा. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग जवळपास नसतोच. लांब नळीची फुलंही थोडी हवीत, कारण काही जातींची जीभ लांब असते आणि काहींची आखूड. आखूड जिभेच्या माश्या अशा फुलांना बुडाशी भोक पाडून मकरंद चोरतात.

मधमाश्यांच्या पेटीचा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही. पेटीतल्या मधमाश्या ही पाळलेली जनावरं आहेत, हजारोंच्या संख्येने. फुलं तेवढीच आणि खाणारी तोंडं वाढली, तर रानमाश्यांच्या वाट्याचं कमी होतं. शिवाय बंबलबीचं काम मधमाशी करू शकत नाही. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग बारीक छिद्रांच्या परागकोशात बंद असतो. बंबलबी फुलाला लटकते, जबड्याने धरते आणि स्नायू जोरात थरथरवते, तेव्हा तो तिच्या पोटावर सांडतो. त्यासाठी कारखान्यासारख्या वाढवलेल्या बंबलबीच्या वसाहतीही विकत मिळतात. त्याही घेऊ नका. चिलीत बाहेरून आणलेली युरोपीय बंबलबी मोकळी पसरली आणि तिथली स्वतःची नारिंगी, जगातल्या सर्वांत मोठ्या बंबलबींपैकी एक, बॉम्बस डालबोमी, मोठ्या टापूतून दिसेनाशी झाली. सोबत रोग आले असावेत, असं मानलं जातं.

एक चूक माझीही दुरुस्त करते. लेखात मी लाकडी घरटं-पेट्यांची भलामण केली होती. त्यांत बंबलबी फार क्वचित राहायला येतात. त्या पैशात कंद आणा, आणि बाग असेल तर एका कोपऱ्यातलं गवत न कापता, माती न खणता तसंच सोडा.

डंखाचं म्हणाल, तर माद्या डंख करू शकतात, पण फुलावर असताना त्यांना आपल्यात रस नसतो. घरट्याला धक्का लावला किंवा त्यांना पकडलं, दाबलं तरच त्या चिडतात. नरांना नांगीच नसते. ते एकदा घरटं सोडून गेले की परत जात नाहीत, रात्री फुलांवरच झोपतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी सकाळी लवकर एखाद्या फुलाला बिलगून, दवाने भिजून निपचित पडलेली बंबलबी दिसली, तर ती बहुधा मेलेली नसते. तिला साखरपाणी पाजू नका, हात लावू नका. ऊन अंगावर आलं की आधी थरथरेल आणि मग उडून जाईल.