‘कागद कधी हँग होत नाही’ : फिल्डवाला यांना उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की यूपीएस, जनरेटर, लिफ्टच्या कामावर फिरणाऱ्या सर्व्हिस इंजिनीअरांची छापील रिपोर्ट बुकं आता बंद करावीत आणि नोंदी जागेवरच फोनमध्ये घ्याव्यात. त्यावर ‘फिल्डवाला’ या नावानं आलेली प्रतिक्रिया मी आठ दिवस तशीच ठेवली. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. राग अजून पुरता गेलेला नाही, पण आता लिहिते.

प्रतिक्रिया अशी: “कागद कधी हँग होत नाही. एसी केबिनमध्ये बसून अ‍ॅपचे गोडवे गाणाऱ्या बाईंना एकदा महापेच्या बेसमेंटमध्ये उभं करा, मग कळेल. आमच्याकडे दोन वर्षं झाली, कागदही भरायचा आणि अ‍ॅपही. रोजचा पाऊण तास जातो. कस्टमरला शिक्काच लागतो. वर जीपीएसनं पाळत.”

आधी त्या ‘बाईंना’बद्दल. मी 1994 साली इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका सर्व्हिस कंपनीत लागले आणि अकरा वर्षं साईटवर फिरले. तेव्हा ठाणे-वाशी रेल्वे नव्हती, ती 2004 मध्ये आली. ठाणे स्टेशनबाहेरून बस पकडायची, नवी मुंबईतल्या रबाळे नाहीतर महापेला उतरायचं, खांद्याला टूल बॅग, हातात मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं रिपोर्ट बुक. गेटवरचा वॉचमन माझ्या मागे बघत विचारायचा, “इंजिनीअर कुठंय?” कित्येक कारखान्यांत बायकांसाठी संडास नव्हता, म्हणून सकाळपासून पाणी न पिता काम केलंय. बेसमेंटमध्ये मला कोणी उभं करायची गरज नाही, मी तिथं गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली आहे. तुम्हाला हे माहीत नव्हतं, कबूल. पण माहीत नसताना विचारता आलं असतं. तुम्ही थेट हिणवलंत.

आता ‘कागद कधी हँग होत नाही’. हे वाक्य मला गेली वीस वर्षं ऐकवलं जातंय, म्हणून यावर जरा सविस्तर बोलते.

आमच्या रिपोर्ट बुकात तीन प्रती निघायच्या. पांढरी कस्टमरला, गुलाबी ऑफिसला, पिवळी बुकात. यूपीएसच्या फॉर्मवर बॅटऱ्यांसाठी बत्तीस चौकोन. चार्जिंग चालू असताना एकेका बॅटरीला मीटर लावायचा, साडेतेरा व्होल्टच्या आसपास रीडिंग यायला हवं, आणि ते चौकोनात लिहायचं. कोपरखैरण्याच्या एका कारखान्यात आमची दर तीन महिन्यांची व्हिजिट असायची. तिथल्या सतरा नंबरच्या बॅटरीचं रीडिंग ऑगस्टमध्ये 13.4 होतं, नोव्हेंबरमध्ये 13.1, फेब्रुवारीत 12.7. तीन व्हिजिटना तीन वेगळे इंजिनीअर. मधलं रीडिंग माझं. 13.1 लिहिलं आणि अठराव्या चौकोनाकडे गेले. का जाऊ नये? ऑगस्टचा कागद माझ्यासमोर नव्हताच. एक प्रत ऑफिसच्या फाईलमध्ये, एक कारखान्याच्या मेंटेनन्सच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस रजेवर.

मे 2003. दुपारी लाईट गेली. अर्धा तास चालायला हवा तो यूपीएस तीन मिनिटंसुद्धा टिकला नाही. बॅटऱ्या एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, त्यातली एक बसली की सगळी रांग बसते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिन्ही रिपोर्ट मागवले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. 13.4, 13.1, 12.7. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं, पण बघायला ते तीन कागद एका टेबलावर यावे लागले, आणि ते आले नुकसान झाल्यावर. त्यातही गुलाबी प्रतीवर माझा 13.1 चक्क 13.7 दिसत होता, कारण कार्बन जुना झाला होता. कस्टमरकडची पांढरी प्रत आणून खात्री करावी लागली. त्या दिवशी मी काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

त्या वेळी माझ्या हातात असं काही असतं की 13.1 टाकल्याबरोबर बाजूला मागचं 13.4 दिसलं असतं, तर मी तिथंच थांबले असते. पुन्हा मीटर लावला असता, जोड घट्ट आहेत का बघितलं असतं, बॅटरी बदलायचं स्टोअरला कळवलं असतं. फोनवरच्या नोंदीसाठी मी भांडते ती एवढ्यासाठी. एक्सेल सुंदर दिसावं किंवा मॅनेजरला रंगीत चार्ट मिळावेत म्हणून नाही. पुढच्या खेपेला मशीनसमोर जो उभा राहील त्याला मागच्या माणसानं काय बघितलं ते दिसावं म्हणून.

आणि कागद टिकतो म्हणता? 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं. लोखंडी कपाटांचे खालचे दोन खण भरले. चार दिवस पंख्याखाली कागद सुकवले. गुलाबी प्रतींचे विटेसारखे गठ्ठे झाले होते, पान सुटं करायला गेलं की शाई आणि कागद दोन्ही बोटाला. तीन वर्षांच्या नोंदी गेल्या, आणि त्यांची दुसरी प्रत मागायची तर कस्टमरकडे जाऊन.

रेंजचं म्हणाल, तर बेसमेंटमध्ये रेंज नसते हे मला कुणी सांगायला नको. नीट बनवलेला फॉर्म रेंजवर अवलंबून नसतो. तो फोनमध्ये साठतो आणि वर रेंजमध्ये आलात की ऑफिसला जातो. ओपन डेटा किट नावाची फुकट मिळणारी प्रणाली 2008 साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाली, ती मुळात नेटवर्क नसलेल्या गावांतून माहिती गोळा करता यावी अशीच बांधलेली आहे. हे माझ्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचलात की शीर्षक वाचूनच लिहायला बसलात, हा प्रश्न मला पडलाय.

एक गोष्ट मात्र मान्य करते. ‘फोन आता प्रत्येकाच्या खिशात आहेच’ असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलं. तळोज्यातल्या काही रासायनिक कारखान्यांत फोन गेटवरच जमा होतो, आणि ज्वालाग्राही वायू असतील त्या भागात ठिणगी न पडण्याचं प्रमाणपत्र असलेलंच उपकरण नेता येतं, ते महाग असतं. तिथं आज कागदच वापरावा लागेल. रबरी हातमोजे घातले की स्क्रीन ऐकत नाही, हेही खरं. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. कागद आणि अ‍ॅप दोन्ही भरून घेणं हा तुमच्या व्यवस्थापनाचा निर्णय आहे, त्याचं बिल अ‍ॅपच्या नावावर फाडू नका. मी ‘कागद बंद करा’ म्हटलं होतं, ‘दोन्ही चालू ठेवा’ नव्हतं. शिक्क्याचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे, त्याच्या कलम 4 नं इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदावरच्या लेखाइतकीच मान्यता दिली आहे. हे कस्टमरला समजावून सांगायचं काम कुणीतरी करायला हवं. जीपीएसबद्दल इतकंच की ज्याचं काम चोख आहे त्यानं घाबरायचं कारण नाही.

शेवटी भाषेबद्दल. इथं पंचवीस-तिशीतली मुलंमुली वाचायला येतात. नुकतीच साईटवर जायला लागलेल्या दोन मुलींनी मला मेल करून विचारलं की सगळे सिनिअर असंच बोलतात का. त्यांना मी काय सांगू? तुमचं नाव लपवून तुम्ही लिहिलंत, मी माझ्या नावानं उत्तर देतेय. तुमच्या हातात पंधरा-वीस वर्षांचं काम असणार, ते तुमच्या वाक्यांतून कळतं, आणि म्हणूनच ‘बाईंना उभं करा’ वाचून जास्त लागलं.

महापेतलं कोणतं बेसमेंट ते कळवा. येत्या शनिवारी मी मोकळी आहे. तुमचं रिपोर्ट बुक तुम्ही आणा, फोन मी आणते, आणि एकाच यूपीएसच्या बत्तीस बॅटऱ्यांची रीडिंग दोघंही भरून बघू.