शेट्टी ठीक, पण वेलणकर?

'अर्धसत्य' (१९८३) हा सिनेमा सदाशिव अमरापूरकरांच्या गुंड रामा शेट्टीने खाऊन टाकला, हे तुमच्या लेखातलं मत अर्धंच पटलं. शेट्टी पहिल्यांदा पाहताना दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाहताना दिसतो तो ओम पुरींचा पोलीस सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. शेवट ठाऊक असला की कळतं, कोठडीत एका चोराला जीव जाईपर्यंत मारणारा माणूस सुरुवातीपासूनच तिथे आहे. आवळलेला जबडा, वरिष्ठांसमोर गिळलेला शब्द, आईला मारणाऱ्या हवालदार बापाची (अमरीश पुरी, काय धाक!) आठवण. सगळं हळूहळू साठत जातं.

दिलीप चित्र्यांची कविता वाचण्याचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा. वेलणकर सहज वाचायला लागतो आणि वाचता वाचता चेहरा उतरत जातो. त्याची प्रेयसी ज्योत्स्नाही (स्मिता पाटील) गप्प होते. पार्श्वसंगीताचा मारा नाही, काही नाही. हल्ली इथे व्हायोलिनं रडवली असती! विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिग्दर्शक गोविंद निहलानींचा संयम यांनाही श्रेय आहेच, पण त्या वर्षीचं राष्ट्रीय पारितोषिक ओम पुरींना मिळालं ते उगाच नाही. नसीरुद्दीनच्या माइक लोबोबद्दलही, त्या निलंबित, दारूत बुडालेल्या पोलीस अधिकाऱ्याबद्दल, लिहा कधीतरी. भूमिका चिमूटभर, पण वेलणकरला आपलं भविष्य त्याच्यातच दिसतं.