उत्तेजनार्थ

ज्याचे दोन-चार लेख दिवाळी अंकांत छापून आले आहेत, अशा माणसाने अमळनेरात खुशाल राहावे, फक्त डिसेंबरात राहू नये. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती येते. गुरुजी ज्या गावात शिक्षक होते आणि जिथल्या वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत, त्या गावात या दिवसाच्या आसपास मुलांची निबंध व चित्रकला स्पर्धा न भरवणाऱ्या मंडळाला मंडळ म्हणवून घेण्याचा अधिकार राहत नाही. आणि स्पर्धा म्हटली की परीक्षक लागतो. पूर्वी हे काम शाळेतले शिक्षकच उरकून टाकीत. परंतु १९५२ नंतर पुन्हा एकदा, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी भरले आणि तेव्हापासून परीक्षक हा ‘साहित्यिक’च असला पाहिजे, असा आग्रह सुरू झाला. मोठे साहित्यिक मानधन आणि मोटार मागतात. मी चहावर येतो, ही बातमी मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत कोणी पोहोचवली, हे मला अद्याप कळलेले नाही.

अध्यक्षांना सारे गाव जिभाऊ म्हणते. जिभाऊंना नकार देण्याची सोय नसते, कारण ते विचारायला येतच नाहीत. ते पत्रिकेत समोरच्याचे नाव छापून मगच पत्रिका द्यायला येतात. “सर, तुम्ही तर आपले घरचेच,” असे म्हणून त्यांनी निबंधांचा गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि वर नियमावलीचा कागद ठेवला. त्या कागदावरचा एक नियम ठळक अक्षरांत होता : ‘निबंध स्पर्धकाच्या स्वहस्ताक्षरातच असावा.’

या नियमावर मी बराच वेळ विचार केला. आमच्याच जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करताना त्यांना जे सुचे ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातील इतर मंडळी टिपून घेत, आणि ते सारे पुस्तकरूपाने लोकांपुढे आले १९५२ साली, म्हणजे बहिणाबाई गेल्यानंतर. या नियमानुसार बहिणाबाईंची प्रवेशिका पहिल्याच फेरीत बाद झाली असती. ओळी त्यांच्या असल्या तरी हस्ताक्षर त्यांचे नव्हते. उलट माझ्यासमोरच्या गठ्ठ्यात हस्ताक्षर तेवढे मुलांचे होते आणि बाकीचे सर्व काही दुसऱ्याचे होते, तरीही एकूणएक प्रवेशिका नियमात चोख बसत होत्या.

मुलाचा निबंध दुसऱ्याने लिहिला आहे हे ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागते असे नाही. सहावीतला मुलगा ‘आजच्या या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात करीत नाही. त्याच्या जीवनात धकाधक असलीच तर ती मधल्या सुट्टीत असते. एका पाचवीच्या मुलीने मोत्यासारख्या अक्षरात ‘नक्कीच! तुमच्या मागणीनुसार सोप्या भाषेतील निबंध पुढीलप्रमाणे’ हेही प्रामाणिकपणे उतरवून काढले होते. त्या घरी निबंध कोणी लिहिला हे सांगायला नको, परंतु निदान या मुलीने मोबाइलवर आले तसे सारे उतरवले, काही लपवले नाही, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

विषय होता ‘शेतकऱ्याचे मनोगत’. कापूस आणि केळी यांवर ज्याचा संसार चालतो त्या खान्देशात हा विषय दिल्यावर काहीतरी जिवंत हाती लागेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात प्रत्येक निबंधात शेते हिरवीगार होती, वारा मंद होता, बैलजोडी सर्जा-राजाचीच होती आणि शेतकरी जगाचा पोशिंदा होता. एकाही निबंधात कापूस नव्हता. अपवाद फक्त एका निबंधाचा, आणि तोही एका वाक्यापुरता. दोन पाने सुजलाम् सुफलाम् झाल्यावर मध्येच वेगळ्या वळणाची एक ओळ होती : ‘कापूस घरात भरला आहे म्हणून आम्ही ओट्यावर झोपतो आणि अंगाला फार खाज सुटते, बाबा म्हणतात भाव आला की खोली मोकळी होईल.’ या ओळीवर कोणीतरी लाल शाईने आडवी रेघ मारली होती. रेघ बारीक असल्यामुळे मजकूर वाचता येत होता.

ज्याने भाव वाढण्याची वाट पाहत माजघरात आढ्यापर्यंत कापूस रचून ठेवलेला पाहिला आहे, आणि त्यातले किडे रात्री अंगावर कसे फिरतात हे सोसले आहे, त्याला या वाक्याची किंमत सांगावी लागणार नाही. मी उत्साहाने ते माझ्या सहपरीक्षक बाईंना वाचून दाखवले. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि त्यांच्याकडे गुणांचा तक्ता होता : प्रस्तावना, मुद्द्यांची मांडणी, काव्यपंक्ती अथवा सुविचार, समारोप, शुद्धलेखन, हस्ताक्षर. खाजेला रकाना नव्हता. शिवाय खाडाखोडीचे दोन गुण वजा होत होते. “वाक्य चांगलं आहे हो, पण ते बसवायचं कुठे?” असे बाईंनी विचारले आणि तक्ता माझ्यापुढे सरकवला. बऱ्याच घासाघिशीनंतर त्या निबंधाला उत्तेजनार्थ द्यावे असे ठरले. पहिला क्रमांक मिळाला त्या निबंधात दोन सुविचार, एक संस्कृत श्लोक आणि ठिपक्यांची नक्षीदार चौकट होती.

निबंध निदान घरी बसून वाचता येतात. चित्रकलेची स्पर्धा जागेवर असते आणि परीक्षकाला तिथे हजर राहावे लागते. शाळेच्या सभागृहात सतरंज्यांवर मुले बसली होती, समोर पॅडला चिमटलेला कागद, शेजारी पाण्याची वाटी. आणि प्रत्येक खिडकीच्या गजांना पालक लगडलेले होते. आत शांतता राखावी अशी सूचना फळ्यावर लिहिलेली होती. ती मुलांनी तंतोतंत पाळली. बाहेरून मात्र “आभायले निया दे रे, निया!” असा आभाळाला निळा रंग द्यायला सांगणारा एका आजोबांचा अहिराणी आवाज, “काठ सोडू नको” असा एका मातेचा इशारा आणि “वेळ बघ, वेळ” असा एका पित्याचा धोशा अखंड चालू होता. एका आईने तर गजांतून हात घालून स्वतःच सूर्य पूर्ण करून दिला. मी तिकडे पाहिल्यावर ती म्हणाली, “सर, मी फक्त कंपास धरला.”

चित्रे कशी होती ते मी न सांगताही कळेल. दोन टोकदार डोंगर, मधून सूर्य, डोंगरातून नदी, नदीकाठी कौलारू घर आणि नारळाचे झाड. सातपुडा चोपड्याच्या पलीकडे लांबच लांब आडवा पसरलेला आहे. त्याला असे टोक कोणी काढले? आणि नारळ आमच्या तालुक्यात मुख्यतः देवळासमोरच्या दुकानात आढळतो. रावेर-यावलची केळी मालमोटारींत भरून पार दिल्लीपर्यंत जाते. मुलांच्या कागदावर मात्र ती पोहोचत नाही. ही खंत मी चित्रकलेच्या सहपरीक्षकांजवळ बोलून दाखवली. ते कलाशिक्षक आहेत, आणि त्यांच्याइतके व्यावहारिक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. “केळीचं पान रंगवायला वेळ लागतो, सर, फाटलेलं दाखवावं लागतं, शिरा काढाव्या लागतात. नारळाच्या झावळ्या पाच फटकाऱ्यांत होतात.” पुढे त्यांनी हेही समजावले की मुले या स्पर्धांत हात साफ करतात ते एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांसाठी, आणि इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात सात गुण वाढतात. सात गुणांपुढे सातपुड्याचे काय चालणार?

तरीही एका कागदापाशी मी थांबलो. दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा नुकतीच होऊन गेली होती आणि दुसरीतल्या एका मुलीने तो घोडेबाजार काढला होता. कागदभर फक्त पाय आणि शेपट्या होत्या. घोड्यांची तोंडे कागदाच्या वर कुठेतरी राहिली होती. पायांच्या गर्दीत खाली, अगदी कोपऱ्यात, एक लाल फुगा होता. एवढ्या उंचीच्या मुलीला त्या बाजारात दुसरे काय दिसणार? खिडकीतून तिचे काका कळवळून सांगत होते, “अगं, तोंडं काढ ना घोड्यांची, जागा सोड ना वर!” मुलगी त्यांच्याकडे पाठ करून खुरे रंगवण्यात गुंतली होती. कलाशिक्षकांनी चित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले आणि “प्रमाण चुकलंय” असा अभिप्राय दिला. मी हटून बसलो. ते समजूतदार निघाले. त्या चित्रालाही उत्तेजनार्थ मिळाले.

बक्षीस समारंभात जिभाऊंनी बालकवींची गोष्ट सांगितली. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हटली आणि कोवळ्या वयातच ते ‘बालकवी’ ठरले, ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगू नये असे माझे म्हणणे नाही. पण धरणगाव अमळनेरहून जळगावच्या वाटेवरच असल्यामुळे ती ऐकताना सभागृहातील प्रत्येक पालकाची नजर आपल्या पाल्याकडे वळते आणि त्या नजरेत ‘बघ, इतकं जवळ आहे’ असा भाव असतो. त्या कविसंमेलनात प्रथम, द्वितीय, तृतीय नव्हते आणि खिडकीत पालकही उभे नव्हते, हा खुलासा करण्यासाठी मी माईककडे सरकलो होतो, तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झाले.

निकालानंतरचे दोन-तीन दिवस परीक्षकाने बाजारात जाऊ नये. मी गेलो नाही. म्हणून बाजारच घरी आला. संध्याकाळी एक गृहस्थ दारात उभे राहिले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, सोबत सहावीतला मुलगा. जवळच्याच खेड्यातले शेतकरी होते, बी.ए. झालेले. मुलाला त्यांनी “बस तठे, गुपचूप,” असे सांगून ओट्यावर बसवले, माझ्या हाती निबंधाची प्रत दिली आणि अत्यंत आदराने म्हणाले, “सर, तक्रार नाही. फक्त समजून घ्यायचं होतं. एवढं लिहून उत्तेजनार्थच का?”

प्रत पाहताच मी ओळखली. “लाल रेघ कोणी मारली?” मी विचारले.

“मीच. पोऱ्यानं उतरवताना ते एक वाक्य मनानंच घुसडून दिलं. नवा कागद घ्यायला वेळ नव्हता. त्यापायीच नंबर गेला ना?”

मी त्यांना खरे ते सांगितले. उत्तेजनार्थ मिळाले ते त्या एका वाक्यामुळे. ते नसते तर निबंध गठ्ठ्यात कुठे गेला असता ते मलाही शोधता आले नसते. मुलगा ओट्यावर बसून दंड खाजवत होता. त्याने ऐकले की नाही कोण जाणे. वडिलांचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला.

“म्हणजे बाकीच्या दोन पानांचे गुण?”

मी गप्प राहिलो.

“ती दोन पानं मी तीन रात्री जागून लिहिली, सर. कापसाला पाणी देता देता, बॅटरीच्या उजेडात. ‘सुवर्णकिरणांनी न्हालेली वसुंधरा’ हे तुम्ही नीट वाचलं का?” एवढे बोलून त्यांनी चष्मा लावला आणि प्रस्तावनेपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचन खरोखरच चांगले होते. बायकोने आतून चहा आणला, त्यांनी तो बशीत ओतून घेतला, पण वाचन थांबवले नाही. समारोप झाल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि मला काही सुचण्याच्या आत पिशवीत हात घालून ‘वृक्षाचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ आणि ‘सूर्य उगवला नाही तर’ असे आणखी तीन निबंध काढून टेबलावर ठेवले.

“हे पुढच्या वर्षीसाठी,” ते म्हणाले. “जिभाऊंना तेवढं विचारून ठेवा, सर, खुला गट ठेवतील का?”