‘तुम्ही किती लकी!’ म्हणे

‘तुम्ही किती लकी आहात ना, इथे राहता!’ हे वाक्य यापुढे कुणी माझ्या तोंडावर टाकलं, तर त्याला मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या विहिरीवर उभा करणार आहे. हातात दोर आणि कळशी देऊन. वरून फोन काढून घेऊन.

आम्ही राहतो मालवण आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावर. समुद्र चालत जाण्याइतका जवळ. घर चिऱ्याचं, वर कौलं, पुढे पडवी, समोर शेणाने सारवलेलं खळं, मधोमध तुळस, कडेला माड आणि गडगा. म्हणजे रीलवाल्यांना जे जे म्हणून लागतं ते सगळं एकाच चौकटीत मावतं. हाच आमचा गुन्हा. शेजारच्यांनी स्लॅब टाकून गुलाबी रंग मारला, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सुखी आहेत बिचारे.

दिवाळीनंतर सुरू होतं ते पावसापर्यंत चालतं. शनिवार उजाडला की गाडी गडग्याला घासून लावायची, बेडं, म्हणजे आमचं फाटक, सरकवायचं आणि थेट खळ्यात. आमच्याकडे कुणाच्या घरी जायचं तर लांबूनच ‘आसात काय घरात?’ अशी हाक घालत येतात. घरात बाईमाणूस असतं, कुणी आंघोळीला गेलेलं असतं, कुणी पडवीत आडवं झालेलं असतं. ही साधी रीत. पण इथे आधी फोन आत येतो आणि त्याच्या मागून माणूस. चपला घालून तुळशीच्या कट्ट्यावर बसतात. सांगितलं तर ‘सॉरी सॉरी’ म्हणतात आणि एक शेवटचा टेक घेऊन मगच उतरतात.

गेल्या मे महिन्यात खळ्यात सोलां, म्हणजे तुमची आमसुलं, वाळत घातली होती. ज्यांना सोलकढी फक्त थाळीतल्या वाटीत भेटते त्यांच्यासाठी सांगते. रातांबे झाडावरून काढायचे, फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, पुन्हा गोळा करायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा. त्यात मेअखेरीला आभाळ कधी फिरेल सांगता येत नाही, एक सर आली की सगळ्याला बुरशी. ऊन म्हणजे त्या दिवसांत रोकड. तर दुपारी मी बाहेर येऊन बघते तो एका मुलीने माझी सोलां मनगटाने कडेला सारून ढीग केलेला, सावलीत. का? तर म्हणे ‘फ्रेम क्लीन’ हवी होती. आणि वर मलाच विचारते, ‘काकू, हे काय आहे, मिरची का?’

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पण खरा तमाशा सासूबाईंचा. वय झालेलं, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. त्या पडवीत दिसल्या की या मंडळींच्या डोळ्यांत लॉटरी लागल्यासारखी चमक येते. ‘आजी, मालवणीत काहीतरी बोला ना!’ सासूबाई म्हणाल्या, ‘काय बोलू गो? माझी कंबर दुखता सकाळपासून.’ सगळे खो खो हसले. अहो, हसायचं काय त्यात? बाईची कंबर दुखतेय! दुसऱ्या एका टोळक्याने तर सरळ फर्माईश केली, ‘आजी, एक शिवी द्या ना, मालवणी शिवी, मस्त लागते.’ नातवंडांच्या वयाची पोरं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘पयला पाणी ओढूक ये, गाळी मागसून दितंय.’ तेही त्यांनी टाकलं म्हणे कुठेतरी, खाली ओळ लिहून: ‘कोकणातली साधी भोळी माणसं.’

साधी भोळी! जिने एकटीने चार पोरं वाढवली, आंब्याच्या व्यापाऱ्याशी पेटीमागे भाव तोडून घेतला, सामाईक सातबाऱ्यावरच्या ढीगभर नावांशी कोर्टात झुंजून घराखालची जमीन राखली, ती साधी आणि भोळी. तिला भोळी म्हणणाऱ्याने तिच्याशी एकदा नारळाचा हिशेब करून बघावा.

हे खूळ नुसत्या पोरांचं नाही, ते वरून झिरपत आलंय. वर्षानुवर्षं मालिका आणि विनोदी कार्यक्रम बघून सगळ्यांच्या डोक्यात एकच कोकणी माणूस बसलाय. नाकात बोलणारा, शिव्या देणारा, भुताला घाबरणारा, संध्याकाळी बाटली आणि सकाळी भावाशी कज्जा. (कज्ज्याचं खरं आहे. पण ते आमचं आम्ही बोलू.) भुतांचं तर विचारू नका. आचऱ्याची गावपळण आमच्यापासून फार लांब नाही. श्रीदेव रामेश्वराने कौल दिला की अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्या उभारून राहतं. सगळ्या जातीधर्माची माणसं एकत्र जेवतात, भजनं होतात, पोरांची चंगळ असते. माझ्या ओळखीतल्या बायका त्या दिवसांची वाट बघतात, कारण घरातली रोजची कामं मागे राहतात. आणि यांचा व्हिडिओ कसा सुरू होतो? कर्कश संगीत आणि ‘या गावातून लोक का पळून जातात?’

गाऱ्हाणं घ्या. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा पोटात खरोखर कालवाकालव होते. कुणाचं पोर आजारी असतं, कुणाची होडी बाहेर असते. ‘होय म्हाराजा’ म्हणताना बाजूच्या म्हाताऱ्याचा आवाज कापतो. तेच आता टी-शर्टवर, हॉटेलच्या भिंतीवर आणि साखरपुड्याच्या निवेदकाच्या तोंडी. हॉलमधले पाहुणे एका सुरात ‘होय म्हाराजा’ ओरडतात आणि पुढे पनीरकडे वळतात.

दशावताराची तीच कथा. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. देवळासमोरच्या मांडावर एक बाकडं, पायपेटी, मृदंग, झांज, एवढ्या सामानावर ही माणसं रात्र काढतात. हातात लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरतं आणि संवाद जागेवर होतात. बाईचं काम करणारा गडी दिवसा शेतात असतो आणि रात्री अशी काही द्रौपदी उभी करतो की म्हाताऱ्या पदराने डोळे टिपतात. या वर्षी आमच्या जत्रेत संकासुर येतो न येतो तोच पुढच्या रांगेत चार लाइटी पेटल्या, हातात काठ्या, काठ्यांवर फोन. मागच्यांना रंगमंच दिसेना, दिसतात ते नुसते फोनचे पडदे. एकजण चक्क मांडावर चढला, राजाच्या मागे उभा राहून सेल्फी काढायला. नटाने संवादातच त्याला असा काही टोला हाणला की सगळी जत्रा हसली. त्याला कळलंच नाही, तोही हसला.  अर्ध्या तासाने ही सगळी मंडळी गेली. साहजिक आहे, आख्यान पहाटेपर्यंत चालतं आणि रील चाळीस सेकंदांची असते.

आता ‘लकी’कडे येते.

वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आमच्या जिल्ह्यात. त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असणार, हिरवंगार, धबधबे, कौलांवरून पागोळ्या. पण खाली जांभा आहे. पाणी धरत नाही. पडलं ते बघता बघता वहाळातून समुद्राला मिळतं आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. मग पहाटे उठून साठलेलं पाणी काढायचं, नाहीतर टँकरची वाट बघायची. त्याची रील मला अजून कुणी दाखवलेली नाही. पहिल्या वळवाला वीज जाते ती कधी येईल ते देव जाणे, कारण कुठल्या तरी आंब्याची फांदी तारेवर पडलेली असते. रेशनच्या यंत्राला अंगठा लावायचा तर रेंज नाही, दुकानदार यंत्र घेऊन रस्त्यावर उभा राहतो. यांना मात्र सड्यावर चढून ‘लाइव्ह’ जाता येतं. रात्री कुणाच्या छातीत कळ आली तर गाडी गोव्याच्या दिशेने, बांबोळीच्या सरकारी इस्पितळाकडे, सुटते आणि वाटेत सगळे मनातल्या मनात देवाचं नाव घेतात. वस्तीची एसटी बंद झाली तेव्हापासून वाडीतल्या बारावीच्या मुली सकाळी चालत फाट्यावर जातात. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. आमच्या वाडीत त्या साली जन्मलेली पोरं दाढी करायला लागली.

आणि जुलै! भर जुलैत रेनकोट घालून येतात आणि खानावळीत बसून विचारतात, ‘सुरमई फ्रेश आहे ना?’ अरे बाबा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ६१ दिवस. दर्या खवळलेला असतो, मासळीच्या विणीचे दिवस असतात, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. रापणीच्या होड्यांवर झापं टाकलेली तू मघाशी स्वतःच ‘ॲस्थेटिक’ म्हणून शूट केलीस ना? मग ही सुरमई कुठून येणार, आभाळातून? आम्ही त्या दिवसांत सुका बांगडा, गोलमा आणि वालीची भाजी खातो. पण थाळीला फोटो हवा, म्हणून बर्फातली कुठली तरी तुकडी तळून पुढे येते आणि हे ‘ऑथेंटिक मालवणी’ म्हणून पाच तारे देतात. हंगामातही चांगली सुरमई आता हॉटेलात जाते. बाजारात आमच्या वाट्याला येतं ते पापलेटाचं दर्शन.

किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांना मी काही बोलायचं सोडलंय. ओहोटीच्या ओल्या वाळूत चाकाने गोल काढायचे, गाडी रुतली की गावातल्याच पोरांना ट्रॅक्टर घेऊन बोलवायचं. वेळास, आंजर्ले, वायंगणी अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्रीच्या अंधारात येऊन अंडी घालतात. गावातली माणसं ती घरटी शोधून, कुंपणात ठेवून, सुमारे पन्नास दिवस पहारा करतात. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, म्हणून बॅटरीसुद्धा जपून वापरतात. आणि तिथेच रात्री हेडलाइट लावून, गाणी लावून नाच. ‘हिडन बीच’ म्हणे. लपलेला होता तोवर बरा होता की!

आता खाली लिहायला येतील: ‘ताई, पर्यटन नको तर पोट कसं भरणार?’ पर्यटन नको असं कोण म्हणालं? माझी जाऊच दोन खोल्या देते. तिच्याकडे एक जोडपं दरवर्षी येतं, सकाळी आंबोळ्या खातं, दिवसभर पडवीत पुस्तक वाचतं, जाताना तिच्या पोराच्या फीची चौकशी करतं. त्यांच्याकडून पैसे घेताना तिला लाज वाटते इतके ते घरचे झालेत. खळ्यातल्या रीलवाल्यांनी आजवर आमच्याकडून एक नारळ विकत घेतलेला नाही. पाणी मात्र मागतात. थंड आहे का, असंही विचारतात.

आणि सगळ्यांत जास्त संताप कुणाचा येत असेल तर आमच्या भाच्याचा. घरचाच! मुंबईची नोकरी सोडून आला, म्हटलं बरं झालं, बाग बघेल, काजूला हात लावेल. तर हा ‘कोकणी जीवनशैली’चा चॅनेल काढून बसला. आमच्या स्वयंपाकघरात गॅस आहे. सिलिंडर भरलेला आहे. पण घावणे गॅसवर केले तर व्ह्यूज येत नाहीत, म्हणून मागच्या पडवीतली बंद केलेली चूल याने पुन्हा लावली. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलेल्या सासूबाईंना तिच्यापुढे बसवलं. त्या खोकतात ते हा कापून टाकतो. मिक्सर फडक्याखाली झाकतो आणि पाट्यावर वाटप वाटायला लावतो, तेही अर्धंच, कारण उरलेलं कॅमेरा बंद झाल्यावर मिक्सरमध्येच फिरतं. खाली शेकडो लोक डोळ्यांतून बदाम काढतात: ‘हेच खरं आयुष्य’, ‘आम्ही शहरात काय कमावलं’, ‘आजीला दंडवत’. एकीने लिहिलंय, ‘बालपण आठवलं.’ बाई, तुझी आई ती चूल सोडायला मिळावी म्हणून आयुष्यभर तरसली असेल गो!

मी भाच्याला बोलले. तो म्हणतो, ‘मामी, लोकांना हेच आवडतं, गॅस दाखवला तर कोण बघणार? आणि बाहेरचे येऊन करतात त्यापेक्षा आपण केलेलं काय वाईट?’ शिकलेला आहे, उत्तर तयार असतं. त्यातून मधल्या मध्ये कुठल्या तरी प्लॉटवाल्याची जाहिरातही त्याने घेतली, ‘समुद्र दिसणारे एनए प्लॉट’. ज्या जमिनीसाठी आजी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली, तिच्याच तोंडून ‘येवा, कोकण आपलाच आसा’ म्हणवून घेतलं आणि खाली तो फोन नंबर. तेव्हा मात्र मी त्याचा स्टँड उचलून गोठ्यात टाकला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

सासूबाईंना या सगळ्याचं फार काही वाटत नाही, असा माझा समज होता. परवा चुलीपुढे बसल्या, पदराने डोळे पुसले, पहिला घावणा काविलत्याने उलटला आणि कॅमेरा चालू असतानाच विचारलं, ‘पैशे किती गावतत रे तुका ह्येचे?’ तो म्हणाला, ‘आजी, नंतर बोलूया, शूट चालू आहे.’ त्यांनी काविलता खाली ठेवला. ‘त्यातले अर्दे माका दी. मगे दुसरो घालतंय.’

तवा तापत राहिला. हा भाग त्याने अजून टाकलेला नाही.