दॉम पेरिन्यों यांनी शॅम्पेनचा ‘शोध’ लावला नाही

३१ डिसेंबर जवळ आला की एक गोष्ट हमखास फॉरवर्ड होऊन येते. फ्रान्समधल्या ओव्हिलेरच्या मठातले आंधळे साधू दॉम पेरिन्यों यांनी ४ ऑगस्ट १६९३ला फेसाळलेली वाइन चुकून चाखली, “लवकर या, मी तारे पितोय!” अशी हाक मारली आणि शॅम्पेनचा शोध लागला. पुढे त्यांनीच त्यांच्या नावाची शॅम्पेन विकणारी नामांकित कंपनी काढली म्हणे. या गोष्टीखाली त्या माणसाचं खरं काम गाडलं गेलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी बुडबुडे. ही वाइन जिथली, तो फ्रान्समधला शॅम्पेन प्रांत थंड. हिवाळ्यात रसाचं आंबणं अर्ध्यावर थांबायचं आणि वसंतात ऊब आली की बाटलीतच पुन्हा सुरू व्हायचं. कोंडलेल्या वायूचा दाब लाकडाच्या भट्टीत घडलेल्या नाजूक फ्रेंच काचेला सोसायचा नाही, बाटल्या फुटायच्या. मठाचं कोठार सांभाळणाऱ्या पेरिन्यों यांना यात दिसायचं ते नुकसान. पेरिन्यों बुडबुडे टाळायला झटत होते! इंग्लंडात मात्र कोळशाच्या भट्टीतली दणकट काच होती आणि तिथे वाइनमध्ये साखर घालून ती मुद्दाम फेसाळ करत. क्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने हे डिसेंबर १६६२मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे मांडलं. पेरिन्यों ओव्हिलेरला आले तेच १६६८मध्ये.

ताऱ्यांचं वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या जाहिरातीतलं आहे. फेसाळ वाइनचं श्रेय त्यांना देणारं पत्र त्याच मठातल्या दॉम ग्रोसार यांनी लिहिलं १८२१मध्ये, पेरिन्यों जाऊन शंभरावर वर्षं झाल्यावर. आंधळेपणालाही भक्कम पुरावा नाही.

आणि कंपनी? पेरिन्यों वारले १७१५मध्ये. क्लोद मोएत यांनी शॅम्पेनमधल्याच एपर्ने गावात वाइनचा व्यवसाय सुरू केला १७४३मध्ये. त्यातूनच झालेल्या मोएत ए शांदों कंपनीने ‘दॉम पेरिन्यों’ नावाची बाटली बाजारात आणली १९३६मध्ये, १९२१च्या द्राक्षांची.

मग त्यांनी केलं काय? बागेत पाहा. वेलीची कडक छाटणी, म्हणजे घड कमी पण रस कसदार. तोडणी सकाळच्या गारव्यात, फुटका मणी बाजूला. पिनो न्वार या जातीच्या द्राक्षाचा काळा मणी दोन बोटांत दाबला तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो, कारण रंग असतो सालीत. म्हणून घड हलक्या हाताने आणि झटपट दाबायचे, साल रसात रेंगाळू द्यायची नाही. काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन त्यांनी अशी तरबेजपणे साधली. शिवाय वेगवेगळ्या बागांची द्राक्षं आधी चाखून कशात काय मिसळायचं हे ते ठरवत. आमच्या नाशिककडच्या कुणाही बागायतदाराला यातली मेहनत समजावून सांगावी लागणार नाही.

शॅम्पेन प्रांतात आजही तोडणी हातानेच करावी लागते आणि ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घेता येतो. ओव्हिलेरचे ते उतार २०१५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

तिथल्याच चर्चमध्ये पेरिन्यों यांची समाधी आहे. तिच्या शिळेवर लॅटिनमध्ये लिहिलंय, की सत्तेचाळीस वर्षं त्यांनी मठाचं कोठार आणि कारभार उत्तम सांभाळला, गरिबांवर बापासारखी माया केली. बुडबुड्यांचा तिथे शब्दही नाही.