जगबुडीसाठी गाडी घेताना

जग बुडणार, हे आता नक्की आहे. तारीख तेवढी ठरायची राहिली आहे. आमच्या सोसायटीतल्या तिघांनी त्या हिशेबाने गाड्यासुद्धा घेऊन ठेवल्यात. त्यातल्या एकाच्या गाडीवर लोखंडी कॅरिअर आहे, कॅरिअरवर दोन हिरवे कॅन आहेत आणि कॅनच्या शेजारी पट्ट्याने आवळलेलं एक केशरी फावडं आहे. गेल्या दिवाळीत पोरांनी किल्ल्याची माती ओढायला ते फावडं मागितलं, तर दिलं नाही. म्हणाला, गाडी चिखलात रुतली की काढायला आहे ते. त्या फावड्याला अजून माती लागलेली नाही. एवढा संयम असलेला माणूसच जगबुडीत तगतो.

तुम्ही मात्र अजून मायलेज किती, रिसेल किती, असले भित्रे प्रश्न विचारत बसलाय. जग संपल्यावर रिसेल कोण बघतो? तेव्हा जरा कान देऊन ऐका.

गाडी मोठीच घ्या. चारही चाकांना ताकद देणारी, गुडघाभर पाण्यातून जाणारी आणि पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांत न मावणारी. शेजाऱ्याच्या स्कूटरला आरसा घासल्याशिवाय जी बाहेर निघत नाही, ती गाडी योग्य. रोज सकाळी ती पुसायला माणूस लावा आणि जगबुडीनंतर तो येणार का, हे त्याला आत्ताच विचारून घ्या. सनरूफ हवंच. पोरं त्यातून डोकं बाहेर काढून तेव्हा काय बघणार, हा पुढचा प्रश्न.

आता इंधनाचं. साठ लिटरची टाकी आणि वीस-वीसचे ते दोन कॅन, म्हणजे १०० लिटर. लिटरला बारा धरा. बाराशे किलोमीटर झाले. पुण्याहून निघालात तर दिल्लीसुद्धा येत नाही, आणि आली तरी दिल्लीत तुमचं कोण आहे? बाराशेनंतर तुमच्याकडे दोन टनांची एक लोखंडी खोली उरेल. राहायला बरी असते, काचा वरखाली होत असल्या तर. पंपावर जाऊन भरू म्हणाल, तर पंपावरचं तेल जमिनीखालच्या टाकीत असतं. ते वर काढायला मोटर लागते आणि मोटरला वीज. कॅरिअरवर फावडं बांधणाऱ्याला दोर आणि पोहरा बांधायचं सुचलेलं नाही. तुम्ही बांधा.

साठा करून ठेवू म्हणाल, तर तेही करून बघा. पेट्रोल लोणच्यासारखं मुरत नाही, दुधासारखं नासतं. फक्त महिन्यांच्या हिशेबाने. पटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर आतल्या बारीक भोकांत जाऊन बसतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी पुरेसं गोळा झालं की पेट्रोलला सोडून पाण्याचा हात धरून टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. तीन पक्षांच्या युतीत हे कधी ना कधी व्हायचंच. वर पेट्रोल, खाली हे दोघं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातून. वर यातलं बरंच इथेनॉल उसाचं. म्हणजे जग बुडालं तरी शेवटी कारखान्याच्या चेअरमनच्या दारातच उभं राहायचं आहे. त्याची आपल्याला सवय आहे म्हणा.

डिझेल त्या मानाने जास्त दिवस टिकतं. त्यात पाणी गेलं की मात्र जंतू वाढतात आणि फिल्टरमध्ये काळा चिखल होतो. पण डिझेलवाल्यांची खरी गंमत पुढेच आहे. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-सहा नियम आले, तेव्हापासूनच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना युरियाचं पाणी वेगळं पाजावं लागतं. धुरातलं विष कमी व्हावं म्हणून ही सोय. ती छोटी टाकी कोरडी पडली की मोठ्या टाकीत डिझेल काठोकाठ असलं तरी गाडी पुन्हा सुरू होत नाही. सरकार गेलेलं असेल, आरटीओ गेलेलं असेल, पण तुमची गाडी प्रदूषणाचा नियम मोडणार नाही. मग खरिपाच्या तोंडावर शेतकरी युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभा राहतो ना, त्याच्या मागे जाऊन उभे राहा. गोणीतला युरिया गाडीला चालत नाही, तो वेगळा आणि शुद्ध लागतो, हे नंबर आल्यावर कळेल.

माझी स्वतःची तालीम २०२० सालीच झाली. २५ मार्चला देश बंद झाला तेव्हा माझी गाडी टाकी फुल करून पार्किंगमध्ये उभी होती. असू द्यावी, या दूरदृष्टीने. जूनच्या पहिल्या आठवड्यात किल्ली फिरवली तर टक् असा एकच आवाज आला. बॅटरी बसली होती. बॉनेट उघडलं, तर आत एक कुटुंब आधीच जगबुडीची तयारी करून राहिलेलं. उंदरांनी वायरींची सालं काढून मऊ गादी केली होती. त्यात कुणाच्या तरी पायपुसण्याचे धागे होते, वाळलेली पानं होती आणि माझ्याच विम्याच्या कागदाचा एक कोपरा होता. हे सगळं जेमतेम सव्वादोन महिन्यांत. तेही वीज, पाणी, दूध आणि पोलीस आपापल्या जागी असताना. वर्कशॉपचा फोन कुणी उचलेना. शेवटी कोपऱ्यावर झाडाखाली बसणारा मेकॅनिक आला. दोन वायरी, एक पाना आणि एक चिंधी एवढ्या भांडवलावर त्याने गाडी चालू केली आणि जाताना बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवून गेला. उंदराला वास सोसत नाही म्हणे. तो आला सायकलवरून आणि गेला सायकलवरून, याच्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाले इथे गालातल्या गालात हसत असतील. तेल नको, पंप नको, गच्चीवर सोसायटीचं सोलर आहेच. त्यांना एवढंच सांगायचं की शहरातल्या सोसायट्यांवरचं बहुतेक सोलर बॅटरीशिवायचं, थेट ग्रीडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला, जोडलेलं असतं. ग्रीडची वीज गेली की त्याचा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. म्हणजे सूर्य डोक्यावर, पॅनल गच्चीवर आणि गाडी शून्य टक्क्यावर. वायरमन त्या वेळी आपल्या गावाला निघून गेलेला असेल, पण काळजी त्याची घेतली जाईल.

टायरचं तुम्ही विचारलं नाहीत, मीही फार बोलत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी चालो किंवा न चालो, रबर आपलं आपण म्हातारं होतं. जगबुडी लांबली तर टायरही जातील.

मग जुनी, साधी गाडी बघावी का? हा विचार कुणाच्याही मनात येतो आणि येताना सोबत चेतकची आठवण घेऊन येतो. १९७२ ची ती स्कूटर. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. चिप नाही, सेन्सर नाही. किक मारायची, नाहीच लागली तर म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवावं तशी तिरकी करायची, की पुन्हा किक. त्याच काळातली लुना तर पेट्रोल संपल्यावर पॅडल मारत घरी आणता यायची. पण चेतक झाली तरी तिला पेट्रोल लागतं, वर त्यात ऑइल मिसळावं लागतं, म्हणजे आपण पुन्हा चेअरमनच्या दारात.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा आपल्याकडे कोळशावर मोटारी चालल्या आहेत. मागे पिंपाएवढी भट्टी. कोळसा अर्धवट जाळायचा आणि त्यातून निघणारा विषारी वायू गाळून इंजिनात सोडायचा. निघायच्या आधी भट्टी फुलवत बसायची, चढ आला की ताकद कमी पडायची. तुमच्या नव्या गाडीचा कॉम्प्युटर हा वायू पाहून मीटरवर दिवा लावेल आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या म्हणेल. तरी प्रयोग करायचाच तर उघड्यावर करा. बेसमेंटमध्ये केलात तर जगबुडीची वाट बघावी लागणार नाही.

या बाबतीत खरा अनुभव आहे तो क्युबाला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि त्यांचं तेल आटलं. क्युबा म्हटलं की तुम्हाला गुलाबी, निळ्या जुन्या अमेरिकन गाड्यांचे फोटो आठवतात. पण देश हलला तो त्यांच्यावर नाही. सरकारने चीनमधून दहा लाखांवर सायकली आणल्या. हवानात ट्रकला जोडलेले मोठे डबे रस्त्यावर आले. त्यांच्या पाठीला उंटासारखी दोन वशिंडं होती, म्हणून लोक त्यांना उंटच म्हणत. उभी माणसं, बसलेली माणसं, एका उंटात दोनशेच्या वर. आणि शेतात डिझेलविना ट्रॅक्टर उभे राहिले तेव्हा बैलांना पुन्हा औत ओढायला शिकवलं गेलं. सनरूफचा उल्लेख कुठे सापडत नाही.

तेव्हा सायकल घ्या. मी घेतली. एकवीस गिअरची, मोत्याच्या रंगाची. सोबत पंक्चरचं किट: ठिगळं, कानस आणि सोल्युशनची ट्यूब. जगबुडी दूर राहिली, सहा महिन्यांनी पहिलं पंक्चर झालं तेव्हा ट्यूब उघडली. आणलं तेव्हा एकदा उघडून बघितलेलं ते सोल्युशन आत वाळून खडा झालं होतं. मग सायकल हाताने ढकलत कोपऱ्यावरच्या झाडाखाली नेली. त्याने टायर उतरवला, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवली, बुडबुडा दिसला तिथे आगपेटीची काडी टोचून ठेवली. चार मिनिटं. मी विचारलं, "जग बुडालं तर तू काय करशील?" तो म्हणाला, "पंक्चर." त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. त्याचा नंबर फोनमध्ये 'झाड' म्हणून सेव्ह आहे.

तुमची गाडी निघाली कुठे, हेही एकदा ठरवून टाका. पुण्यातला कुणीही सांगेल, गावाला. २०२० मध्येही सगळे गावालाच निघाले होते आणि कित्येक गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. चारही चाकांना ताकद असलेली गाडी काट्यांवरून सहज जाते. काट्यांच्या पलीकडे जो उभा असतो त्याच्यावरून जाता येत नाही, कारण तो आपला चुलतभाऊ असतो. माझं गाव माण तालुक्यात. दिवे घाट, सासवड, जेजुरी, फलटण करत दीडशे किलोमीटर. बैलगाडीने दिवसाला पंचवीस धरले तर सहा दिवस. बैलाला रोज आठ-दहा किलो कडबा, पायाला पत्री, चाकाला वंगण, बाकी काही नाही. खिलार बैल आमच्याच भागातला. दुष्काळात त्यालाही छावणीत न्यावं लागतं आणि छावणीला चारा ट्रकने येतो, ही बारीक अडचण आहे. पण अडचणी मोजायला बसलं तर माणसाने चालतसुद्धा जाऊ नये. वारीत चालणाऱ्या दिंड्यांच्या मागेही सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर असतोच की.

थोडक्यात, बैलगाडी ठरली. आमच्या वाड्यात आजोबांच्या हातची आहेच. तात्याला, म्हणजे चुलतभावाला, फोन केला. बांधावरून आमची केस चालू आहे १९९८ पासून, त्यामुळे फोन तीनदा कट झाला. चौथ्यांदा उचलला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, तात्या, आपली गाडी आहे ना अजून?

"हाय की. परड्यात पडलीया," तो म्हणाला. "बैलं इकून धा वर्सं झाली."

चाकं तरी?

"चाकं त्या हायवेच्या हाटेलवाल्यानं न्हेली. जोडीला साडेतीन हजार दिलं. तुमास्नी म्हायती नाही व्हय? गेटावर लावलीत त्यानं."

फोन ठेवला आणि फोनमधले फोटो चाळले. गेल्या महिन्यात आम्ही सगळे त्याच हॉटेलात झुणका-भाकर खायला थांबलो होतो, माणशी तीनशे रुपये. फोटोत बायको आहे, मुलगा आहे, मी आहे आणि आमच्या मागे दोन्ही बाजूंना ती चाकं. एकाच्या धावेवर आजोबांनी पाडलेली छिन्नीची खूण स्पष्ट दिसते. चाकांवर पिवळा ऑइलपेंट मारलाय आणि आऱ्यांमधून दिव्यांची माळ सोडलीय.

रविवारी टेप घेऊन पुन्हा गेलो आणि मोजलं. एका चाकाचा व्यास साडेचार फूट भरला. सोसायटीत परत येऊन केशरी फावडंवाल्याची डिकी मोजली, मागची सीट पाडून मोजली, दार उघडं ठेवून मोजली. बसत नाही. तो म्हणाला, कॅरिअरवर बांधू, पण मग फावडं काढावं लागेल आणि ते तो काढणार नाही.