टीनएजर मुलांना घेऊन कोकणात येताय? मग रत्नागिरी शहरात राहा

आठवी ते बारावीतली पोरं घरात असणाऱ्या आणि सुट्टीत कोकणात येणाऱ्या सगळ्या आईबाबांसाठी हे लिहितेय, पोस्ट मोठी झालीय पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीत आणि मे महिन्यात माझ्याकडे पुण्या-ठाण्याची भाचरं येतात, शिवाय ओळखीपाळखीच्यांचे फोन असतातच, की मुलं मोठी झालीयत, बीचवर दोन तास गेले की बोअर होतंय म्हणतात, देवळात येतच नाहीत, काय दाखवू? माझं म्हणणं एकच असतं. गणपतीपुळं, मग गुहागर, मग दापोली अशी नुसती गाडी पळवू नका, रत्नागिरी शहरात दोन रात्री मुक्काम करा, आणि त्यातला निदान अर्धा दिवस शहर मुलांच्या ताब्यात द्या. यावर लगेच येतं, "रत्नागिरीत काय आहे बघायला?" बाहेरचे म्हणतात ते ठीक, पण आमचे रत्नागिरीकरसुद्धा हेच म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

लहान मुलाला वाळू आणि पाणी मिळालं की दिवस जातो हो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला तेवढं पुरत नाही, त्याला माणसं बघायची असतात, स्वतः काहीतरी ठरवायचं असतं, आईबाबांपासून थोडं लांब चालायचं असतं. समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये गेटच्या बाहेर चालत जायला काही नसतंच, मग ते पोर फोन घेऊन खोलीत बसतं आणि आपण म्हणतो हल्लीच्या मुलांना कशाचं कौतुक नाही. कौतुक भरपूर असतं, ते करायला जागा तर द्या.

थिबा राजवाड्यापासून सुरू करा. पण नुसतं नेऊन उभं करू नका, आदल्या रात्री गोष्ट सांगा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८७८ मध्ये गादीवर आला तेव्हा विशीसुद्धा पूर्ण नव्हती त्याची, आणि १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि त्याला राणीसकट बोटीत घालून आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. इथेच का? कारण तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती, येणंजाणं मुख्यतः समुद्रातून, म्हणजे राजा कुठे पळून जाणार? (रेल्वे आम्हाला मिळाली ती थेट १९९० च्या दशकात, कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ ला सुरू झाला.) आणि याच्या बरोब्बर उलटं बघा, १८५७ नंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं, तो तिथेच गेला. म्हणजे आपला बादशहा त्यांच्याकडे आणि त्यांचा राजा आपल्याकडे! दहावीच्या मुलाला हे सांगितलं की तो लगेच फोनवर नकाशा काढून बघतो, मी बघितलंय.

राजवाडा बांधून झाला तो १९१० च्या सुमाराला, तोवर राजा बंगल्यांतून राहत होता, आणि १९१६ ला तो इथेच वारला. मंडालेला परत जाणं त्याच्या नशिबात नव्हतंच. त्याच्या चार मुली इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या, थोरलीची मुलगी टूटू तर शेवटपर्यंत रत्नागिरीत राहिली, मराठी बोलायची, आमच्या आधीच्या पिढीतल्या लोकांनी तिला बघितलंय. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास थिबाच्या समाधीवर आले होते. माझ्या भाचीने वरच्या मजल्यावर खिडकीपाशी उभं राहून मला विचारलं, "मावशी, त्या मुलींना मैत्रिणी होत्या का गं?" मला उत्तर देता आलं नाही, पण हा प्रश्न त्या पोरीला पडला यासाठी मी दहा वेळा राजवाड्यात जाईन. तिथून जवळच थिबा पॉइंट आहे, खाली काजळी नदी, भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडे समुद्र, संध्याकाळी तिथेच टेका. फोटो काढू द्या हवे तेवढे, रील बनवू द्या, त्यात वाईट काही नाही.

आता मिरकरवाडा, म्हणजे आमचं मासेमारी बंदर. बहुतेक पर्यटक इथे येतच नाहीत, वास येतो म्हणून. मी सांगते, मुलांना न्याच, मासे खात असाल तर न्या आणि नसाल तरी न्या. बोटी लागल्या की जेटीवर जो लिलाव चालतो तो एकदा बघितला पाहिजे, टोपल्यांवर टोपल्या, बर्फ, ओरडा, आणि मधे उभ्या असलेल्या बायका ज्या एका नजरेत माल जोखून भाव बोलतात. बांगडा, तारली, सुरमई, माकुल, शेवंड, हे सगळं ताटात येण्याआधी कसं दिसतं ते मुलांना कळतं. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार जाऊन हातात किती राहतं हे एखाद्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारलं तर तो सांगतो, आणि कॉमर्सच्या मुलाला तो हिशोब पुस्तकापेक्षा लवकर समजतो. मात्र वाटेत उभं राहायचं नाही, ती त्यांची कामाची वेळ असते, आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात आणि जाळी दुरुस्तीचं काम चालतं, ते बघण्यातही मजा आहे पण लिलाव नाही मिळणार.

मिरकरवाड्याच्या वर रत्नदुर्ग किल्ला. घोड्याच्या नालेसारखा आकार, भगवतीचं देऊळ एका टोकाला, दीपगृह दुसऱ्या. देवीला नमस्कार करून लगेच परत फिरू नका, तटावरून चाला. एका बाजूला पांढऱ्या वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला मांडवीकडचा काळ्या वाळूचा, असं का याचा शोध मुलांनाच लावू द्या. दीपगृहात संध्याकाळी काही वेळ वर सोडतात, वेळ तिथे आधी विचारून ठेवा, कारण वर चढून अख्खं बंदर बघणं हे चुकवण्यासारखं नाहीच.

झाडगावचं मत्स्यालय आणि सागरी संग्रहालय कृषी विद्यापीठाचं आहे, तिथे देवमाशाचा सांगाडा ठेवलाय. जागा मोठी नाही, तासाभरात होतं, पण पाऊस किंवा भर दुपारचं ऊन असेल तर बेस्ट. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान (१८५६), आणि १९३१ चं पतितपावन मंदिर, जे भागोजीशेठ कीरांनी बांधलं आणि सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सगळ्या जातींसाठी खुलं झालं. पूर्वी देवळात कोणाला जाऊ द्यायचे आणि कोणाला नाही हे मुलांशी नीट, न लपवता बोला. या वयात ते बोलणं झालंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. सकाळी नाश्ता झाला की मुलांच्या हातात चारशे-पाचशे रुपये आणि एक यादी द्या. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाचं पीठ, फणसपोळी, आंबापोळी, सुकी कोळंबी, काजूगर मिळाले तर काजूगर. मारुती मंदिरापाशी सोडा आणि सांगा, शहर बसने किंवा रिक्षाने खाली या, राम आळी, गोखले नाका असं फिरा, तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, जेवण तुमचं तुम्ही बाहेर करा आणि चार वाजता मांडवीला भेटा. दोघं-तिघं एकत्र असली पाहिजेत, फोन चार्ज असला पाहिजे, बस्स. आमचं शहर एवढंच आहे की हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही, आणि कोणालाही विचारा, माणूस कामधाम सोडून रस्ता दाखवायला येतो, वर "कोणाकडे आलायस रे?" हे विचारणारच. पुण्यात ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं तर कंटाळा येतो तोच माझा भाचा आगळ आणि सरबत यात काय फरक असतो ते दुकानदाराकडून शिकून आला आणि रात्री जेवताना सगळ्यांना समजावत बसला. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ते ऐकताना किती बरं वाटत होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

आणि हो, मुलींनाही पाठवा. मुलगा एकटा गेला तर चालतं आणि मुलगी मात्र आईबरोबरच, हे ट्रिपमध्ये तरी करू नका प्लीज. इथे कॉलेजच्या मुली स्कूटीवरून सगळीकडे फिरतात, संध्याकाळी मांडवीला घोळक्याने भेळ खात बसलेल्या असतात, तुमच्या मुलींनाही ती मोकळी संध्याकाळ मिळू दे.

समुद्राबद्दल मात्र मी कडक आहे. आरे-वारे आणि गणपतीपुळ्याला पाणी दिसायला छान, पण ओढ फार आहे आणि तिथे माणसं बुडालीयत, पोहता येणारीसुद्धा. या वयात एकाने दुसऱ्याला "ये ना पुढे" म्हटलं की पाय आपोआप जातो. नुसतं नको म्हणून ऐकत नाहीत, म्हणून मी भरती-ओहोटीचं गणित शिकवते. इथला जुना ठोकताळा असा, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. कॅलेंडर बघून त्यांना काढायला सांगा, मग फोनवरच्या वेळेशी ताडून बघू दे, थोडंफार इकडेतिकडे होतं पण बसतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती, हे कळलं की भाट्याच्या किनाऱ्यावर बसून पाणी कुठवर येईल याच्या पैजा लागतात. आणि ज्याला पाण्याचं वेळापत्रक कळतं तो ओहोटीच्या वेळी आत जायला स्वतःच घाबरतो, हा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात तर घोट्यापर्यंतसुद्धा नाही.

एक गोष्ट शहराबाहेरची आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कातळशिल्पं. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट, उघड्या जांभ्या दगडावर कोरलेली प्रचंड चित्रं, हत्ती, मासे, माणसं, आणि काही असे प्राणी जे आज कोकणात नाहीतच, गेंडा वगैरे. उक्षीचा हत्ती रत्नागिरीहून जवळ, कशेळीचा राजापूर तालुक्यात, तो तर साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यातली सात ठिकाणं एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात, दुपारी काहीच कळत नाही आणि सडा तापलेला असतो तो वेगळाच. रेषांवर पाय द्यायचा नाही, खडूने रंगवायचं नाही. ही कोणी काढली, कशासाठी काढली, याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडेच नाही, आणि मोठ्यांनासुद्धा माहीत नाही म्हटल्यावर या वयाच्या मुलांचे डोळे कसे चमकतात ते बघाच.

रत्नागिरीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. दक्षिणेला जाणार असाल तर सावंतवाडीला थांबा, चितार आळीत लाकडी खेळणी बघा, राजवाड्यात गंजिफा बघा, गोल, हाताने रंगवलेले पत्ते, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा म्हणजे १२० पत्ते असतात. उत्तरेला अलिबाग, तिथे ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, वर सांगितलेलं गणित तिथे कामाला येईल, कारण परत निघायला उशीर झाला तर बोटीची वाट बघावी लागते. कुठलंही शहर चालेल, फक्त तिथे राहा, नुसते पेट्रोल भरायला थांबू नका.

प्लॅन करताना मुलांना बरोबर घेऊन बसा. एक सकाळ तुमची, एक त्यांची, असं सरळ वाटून टाका, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या वेळात नाक खुपसू नका. सकाळी सहाला उठवून गाडीत कोंबू नका, त्यांची झोप होऊ द्या, मिरकरवाड्यासाठी एक दिवस लवकर उठतील ती, रोज नाही. थिबा राजवाड्याचा सुट्टीचा वार आणि मत्स्यालयाची वेळ आधी फोन करून विचारा. शक्य असेल तर मुंबई-ठाण्याहून दिवसाच्या गाडीने या, रत्नागिरीच्या थोडं आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, पोरं खिडकी सोडत नाहीत. मेची तिकिटं बुकिंग उघडलं की लगेच जातात, म्हणून आत्ताच बघून ठेवा. आणि मुलांचं वय आणि आवड कमेंटमध्ये लिहिलीत तर दोन दिवसांचं काय काय जमेल ते मी सांगेन, वेळ मिळेल तसं प्रत्येकाला उत्तर देईन.